शेळ्यांची सध्याची संख्या: शून्य

‘शेळ्यांची सध्याची संख्या’ या प्रश्नापुढे शून्य टाकलं की टॅबवरचा फॉर्म पुढचे सगळे विभाग स्वतःच गाळतो. चारा, लसीकरण, विक्री, उत्पन्न, निर्णय, वेळ, सगळं एका फटक्यात उडतं आणि खाली हिरव्या पट्टीत उमटतं, ‘मुलाखत पूर्ण झाली. धन्यवाद.’ धाराशिव जिल्ह्यातल्या भूम तालुक्यातल्या एका गावात, जानेवारीतल्या दुपारी, हे माझ्या डोळ्यांदेखत झालं. आम्ही येणार म्हणून मावशींनी ओसरी झाडून सतरंजी टाकली होती, पोरीला चहा ठेवायला सांगितला होता आणि पदर सारखा करून त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. माहिती भरणारी मुलगी जिल्ह्यातलीच, चुणचुणीत. तिनं नाव, वय, गटाचं नाव विचारलं, मग शेळ्या किती ते विचारलं. ‘न्हाईत आता,’ मावशी म्हणाल्या. मुलीनं शून्य टाकलं, पट्टी हिरवी झाली आणि तिनं सवयीनं टॅब मिटला. ‘झालं?’ मावशींनी विचारलं. ‘हो मावशी, झालं.’ त्या आम्हा दोघींकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. ‘एवढंच इचारायला पुण्याहून आलता व्हय?’

चहा अजून उकळायचा होता.

त्या शून्याचं पुढं काय होतं ते मला ठाऊक होतं. संध्याकाळी गावात रेंज आली की तो सर्व्हरवर चढतो, रात्री एक्सेलच्या तक्त्यात उतरतो आणि तिथं मावशींच्या ओळीपुढं ‘गळती’ असा शेरा बसतो. गळती म्हणजे ज्या बाईला शेळ्या दिल्या, प्रशिक्षण दिलं, विमा काढून दिला आणि तरी जिच्याकडे काही टिकलं नाही ती. अहवालात तिच्यासाठी एक परिच्छेद राखून ठेवलेला असतो, त्यात ‘मानसिकता’ हा शब्द हमखास येतो. मी या धंद्यात बरीच वर्षं आहे. दुसऱ्यांनी राबवलेल्या प्रकल्पांचं मूल्यमापन करायचं, म्हणजे ज्यांनी पैसे दिले त्यांना ते पैसे कुठं मुरले ते सांगायचं. बरं लिहिलं तर पुढचं काम मिळतं, फार बरं लिहिलं तर कुणी विश्वास ठेवत नाही. त्यामुळं आम्ही सगळे ‘एकंदरीत समाधानकारक’च्या आसपास घुटमळत असतो.

प्रकल्प तसा सरळ होता आणि वाईट मुळीच नव्हता. बचत गटातल्या, शेती कमी किंवा नसलेल्या बायका निवडायच्या, प्रत्येकीला दोन उस्मानाबादी शेळ्या द्यायच्या, गटामागं एक बोकड. गावातलीच एक बाई पशुसखी म्हणून तयार करायची. ती लस टोचते, जंताचं औषध पाजते, खुरं कापते, करडांची नोंद ठेवते आणि त्याबद्दल घरटी थोडे पैसे घेते. शेळीच का, हे या भागात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. काळीभोर, काटक, बाभळीच्या शेंगांवरही तगणारी, पाच महिन्यांत विणारी आणि पुष्कळदा जुळी देणारी. दुष्काळात छावण्या लागतात त्या मुख्यतः गाईबैलांसाठी. शेळी आपलं आपण बघते. महिला आर्थिक विकास महामंडळाच्या १९७५ पासूनच्या प्रवासात आणि पुढं ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या कामातही शेळी पुन्हा पुन्हा येते ती उगाच नाही. तीन वर्षांच्या शेवटी, निवडलेल्यांपैकी बहुतेक बायकांकडे निदान पाच शेळ्या असाव्यात, असं उद्दिष्ट कागदावर होतं. म्हणजे यश मोजायचं ते दावणीला. दावणीला जितकी तोंडं, तितकी बाई सक्षम.

माझं आजोळ परांड्याकडचं. आजीकडं दोन-तीन शेरडं कायम असायची. परसात शेवरीचं झाड, त्याला उलटी टांगलेली पाल्याची जुडी, आणि तिच्याखाली मागच्या पायांवर उभी राहून ओरबाडणारी करडं. एकदा माझ्या फ्रॉकची झालर एकानं निम्मी खाल्ली होती. शेळीच्या दुधाचा चहा मला आवडायचा नाही, त्याचा उग्र वास जिभेवर तासभर राहायचा. आजी म्हणायची, औषध आहे, गप पी. पण खरी गोष्ट दुधाची नव्हतीच. ज्वारी, तूर, करडई विकली की तो पैसा आजोबांचा. करडू विकलं की तो आजीचा. हे कुणी ठरवलं होतं कोण जाणे, पण आजोबा त्यातलं कधी विचारत नसत. विचारणं त्यांच्या प्रतिष्ठेला शोभणारं नसावं. शेरडाकोंबड्यांचा पैसा म्हणजे बायकांचा किरकोळ मामला. त्या किरकोळ मामल्यातून माझ्या आईची सातवीनंतरची वह्यापुस्तकं झाली, दोन मावश्यांची पहिली बाळंतपणं झाली, आणि येडाईच्या यात्रेला जाताना आजी कुणापुढं हात पसरत नसे. पत्र्याच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत ते पैसे असत. पेटीची किल्ली तिच्या कनवटीला.

म्हणून प्रकल्पांच्या कागदांत ‘शेळीपालनातून महिलांचा उत्पन्नात प्रथमच सहभाग’ असं काही वाचलं की मला हसू येतं. सहभाग होताच. तो कुणाच्या नजरेत भरण्याइतका मोठा नव्हता, इतकंच, आणि नजरेत भरत नव्हता म्हणूनच तो तिच्या हातात राहिला होता.

शेजारच्याच वस्तीवर प्रकल्पाची मानाची बाई राहते. तिच्याकडं चौदा शेळ्या. माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर तिचाच फोटो आहे, काखेत दोन करडं घेतलेला. लाकडी माचाणाचा गोठा, खाली लेंड्या पडतात त्या गोळा करून खत विकते, दारात निळं पिंप, भिंतीवर लसीकरणाचा तक्ता खडूनं लिहिलेला. तिच्याकडं आमचा फॉर्म शेवटच्या प्रश्नापर्यंत गेला, दीड तास लागला. सगळ्यात जास्त वेळ गेला तो कालच्या दिवसाचा हिशोब लिहायला. पहाटे चारपासून पुन्हा पहाटे चारपर्यंत, पंधरा-पंधरा मिनिटांची घरं, प्रत्येक घरात त्या वेळी काय करत होतात ते भरायचं. हे आमच्या डोक्यातून आलेलं नाही. २०१२ साली वॉशिंग्टनच्या अन्नधोरण संशोधन संस्थेनं, अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेनं आणि ऑक्सफर्डच्या लोकांनी मिळून शेतीतल्या बायकांच्या सक्षमीकरणाचा निर्देशांक काढला. त्यात उत्पादनाचे निर्णय, साधनं, उत्पन्नावरचा ताबा, नेतृत्व आणि वेळ अशी पाच अंगं धरली आहेत. दिवसाला साडेदहा तासांहून जास्त काम असेल तर कामाच्या बोज्याच्या कसोटीवर ती बाई उतरत नाही.

तर ही बाई साडेचारला उठते. गोठा झाडायचा, पाणी, चुलीवर आंघोळीचं, मग भाकरी. नवऱ्याचा आणि मुलाचा डबा. आठला शेळ्या सोडायच्या. चारायला कोण नेतं, या प्रश्नावर ती थोडी अडखळली. ‘मीच की. कधी सासू. कधी पोरगी, सुट्टी असली तर.’ पोरगी दारात उभी होती, हातात काठी, अकरा-बारा वर्षांची. तो मंगळवार होता. आमच्या माहिती भरणाऱ्या मुलीनं माझ्याकडं पाहिलं, मी टॅबकडं. फॉर्ममध्ये ‘मुलांचा सहभाग’ असा रकाना आहे, त्यात ‘सुट्टीच्या दिवशी’ हा पर्यायही आहे. चारायला गेलं की येताना सरपण आणायचं, बांधावरची हिरवी पात आणायची, आणि हे सगळं चालता चालता फोनवर गटाच्या हप्त्याचं बोलायचं. आता यातलं पंधरा मिनिटांच्या एका घरात काय लिहायचं? शेळ्या, सरपण की गट? रात्री साडेनऊला भांडी झाली. कुणी व्यायलं असेल तर मध्यरात्री पुन्हा उठायचं. बेरीज केली तेव्हा साडेदहा कधीच मागं पडले होते. देशाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला २९९ आणि ते करणाऱ्या पुरुषांचे ९७ मिनिटं निघाले होते. त्या दोनशे मिनिटांच्या फरकात कुठल्याच प्रकल्पानं मला आजवर कपात करून दाखवलेली नाही. भर मात्र पुष्कळांनी घातली आहे.

पण इथं थांबून ती बिचारी आहे असं लिहिणं खोटं होईल. ती बिचारी नाही. प्रशिक्षणासाठी ती लातूरला एकटी जाऊन राहून आली, त्याआधी तालुक्याच्या पलीकडं गेली नव्हती. ग्रामसभेत गायरानातल्या चराईवरून तिनं सरपंचाला धारेवर धरल्याचं तीन जणांनी मला वेगवेगळं सांगितलं, त्यातला एक खुद्द सरपंच. बोलताना ती आपल्या शेळ्यांकडं बघते ते नुसतं मालमत्तेकडं बघणं नव्हे. फक्त उठता उठता, टॅब बंद झाल्यावर, तिनं एक वाक्य टाकलं. ‘दोन हुत्या तवर माझ्या हुत्या, म्याडम. आता घराच्या झाल्या.’

त्या वाक्याला आमच्या फॉर्ममध्ये जागा आहे, पण ती निरुपयोगी आहे. ‘शेळीविक्रीतून आलेल्या पैशांचा निर्णय कोण घेतं?’ मी, पती, दोघं मिळून, घरातील इतर. बहुतेक बायका ‘दोघं मिळून’ म्हणतात. नवरा ओट्यावर बसलेला असतो, सासू उंबऱ्यात गहू निवडत असते, आणि समोर अनोळखी मुलगी टॅब घेऊन बसलेली असते. दुसरं काय म्हणतील? निर्देशांकाच्या हिशोबात ‘दोघं मिळून’ला गुण मिळतात. मी अलीकडं माहिती भरणाऱ्या मुलींना वेगळं विचारायला शिकवते. सगळ्यात शेवटी विकलेलं जनावर कोणतं? व्यापारी आला तेव्हा हाक कुणाला मारली? पहिला आकडा कुणी बोलला? नोटा कुणी मोजल्या? मोजून झाल्यावर ठेवल्या कुठं? त्यातलं पहिलं काय आणलं? असं विचारलं की ओट्यावरचा नवराही गप्प ऐकतो, कारण कुणी कुणावर आरोप करत नसतं, गोष्ट सांगणं चाललेलं असतं. आणि मग कळतं की दोन शेळ्यांवाल्या घरात व्यापारी ‘ओ ताई’ म्हणून हाक मारतो, नोटा डब्यात जातात. दहाच्या वरच्या घरात तो ‘मालक हायत का?’ विचारतो आणि पैसे फोनवर येतात. फोन कुणाचा ते विचारायची गरज पडत नाही. खव्याच्या भट्ट्यांच्या या पट्ट्यात दुधाचं असंच झालेलं सगळ्यांनी पाहिलं आहे: धार बाई काढते, खातं मालकाचं.

प्रकल्पानं दिलेल्या वस्तूंमध्ये मला सगळ्यात आवडला तो ताणकाटा. गावामागं एक, पशुसखीच्या घरी खुंटीला टांगलेला, सोबत शेळीच्या पोटाखालून घालायचा जाड कापडी झोळा. हेतू असा की बायकांनी जनावर अंदाजानं न विकता वजनावर विकावं. एका दारात मी तो सौदा पाहिला. व्यापारी मोटारसायकलवरून उतरला, बोकडाचे पुढचे पाय उचलून पाहिले, कमरेच्या मणक्यावरून अंगठा आणि दोन बोटं फिरवली, शेपटीच्या मुळाशी चिमटा घेतला आणि म्हणाला, ‘धा किलो पडंल.’ म्हणजे मटण. बाई म्हणाली, ‘सकाळी सव्वीस भरलाय काट्यावर. बारा कुटं गेलं न्हाई.’ तो हसला. ‘जिवंत जनावर काय कांद्याचं पोतं हाय व्हय तोलायला? आत पाला किती हाय कुणाला म्हाईत.’ ‘रातीपासनं उपाशी हाय त्यो,’ ती म्हणाली, ‘पाणी बी दावलं न्हाई.’ व्यापारी एकदम वाकून बोकडाच्या पोटाकडं पाहू लागला. खरंच खपाटीला गेलं होतं. मग निघतोसं करून दोनदा मोटारसायकलला लाथ, दोनदा परत, शेजारणीनं मध्ये पडणं, हे सगळं यथासांग होऊन सौदा उक्ताच ठरला. काट्याचा आकडा सौद्यात कुणी पुन्हा उच्चारलाही नाही. पण भाव बाराचा निघाला होता.

आमच्या फॉर्मवर प्रश्न होता, विक्री वजनावर की नगावर? मुलीनं ‘नगावर’ भरलं, दुसरं भरताच येत नव्हतं. सगळ्या गावांची बेरीज झाल्यावर वजनावर विकणाऱ्या बायका इतक्या थोड्या निघाल्या की ‘वजनकाट्याचा अपेक्षित वापर झालेला नाही’ असं वाक्य तयार झालं. मी ते काढून टाकलं. काटे धुळीत पडलेले नव्हते. सौद्याच्या आदल्या रात्री ते या घरातून त्या घरात फिरत होते, आणि एका गावात तर त्यावरून भांडण होऊन पशुसखीनं नंबर लावले होते. व्यापाऱ्यासमोर काटा बाहेर काढायचा नसतो हे बायकांनी आपलं आपण ठरवलं होतं. काढला की तो येत नाही, शेजारच्या गावी जातो.

विम्याचं प्रकरण याच्या उलट. कागदावर ते शंभर टक्के यशस्वी आहे, कारण प्रत्येक शेळीच्या कानात पिवळा बिल्ला आहे. पहिल्या पावसानंतर कोवळं गवत येतं, त्यावर करडं तुटून पडतात, आणि आंत्रविषाराची लस चुकली असेल तर त्यातलं सगळ्यात धष्टपुष्ट असतं तेच आधी जातं. रात्री उड्या मारत होतं, सकाळी ताठ. एका बाईची गाभण शेळी अशी गेली. बिल्ला नाही तर दावा नाही, हे प्रशिक्षणात तिच्या मनावर इतकं बिंबवलं होतं की तिनं बिल्ल्यासकट कान कापून, मीठ लावून, स्टीलच्या डब्यात ठेवला. डॉक्टर पंचनाम्याला येईपर्यंत दिवस गेले, मग कागदात काहीतरी कमी निघालं. डबा फडताळात वरच्या फळीवर होता. तिनं उघडून दाखवला. सुकून पापडासारखा झालेला कान, त्यातला बिल्ला मात्र नवा कोरा, आकडे स्वच्छ वाचता येत होते. ‘टाकून कसा द्यायचा?’ ती म्हणाली, ‘इचारायला आलं कुणी तर?’ आम्ही विचारायलाच आलो होतो खरं तर, पण आमच्या प्रश्नात ‘विमा आहे का: होय/नाही’ एवढंच होतं.

आता ऊसतोडीचं, ज्याच्याशिवाय या भागातलं काहीच कळत नाही.

पावसाळ्यात मुकादम, म्हणजे तोडीची टोळी जमवणारा, उचल वाटून जातो; उचल म्हणजे मजुरीचे आगाऊ पैसे. दिवाळीच्या सुमाराला ट्रक आणि ट्रॅक्टर भरून माणसं कारखान्यांकडं निघतात ती मार्च-एप्रिलमध्ये परततात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. उचल कोयत्याला मिळते, मजुरी टनावर कोयत्याला मिळते. बाई मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत चढवते, तिचा वेगळा आकडा कुठल्याच वहीत नसतो, आणि बोलणी नवऱ्याशी होतात. आमच्या प्रकल्पाची सुरुवातीची पाहणी जूनमध्ये झाली होती, सगळी माणसं गावात असताना. शेवटची पाहणी जानेवारीत लागली, कारण मार्चअखेर निधी संपत होता. जानेवारीत या गावांतून चालताना दोन घरं सोडून तिसऱ्याला कुलूप. नियम असा की घर बंद असेल तर यादीतलं पुढचं घर घ्यायचं. नियम नेहमीचाच आहे, पण जानेवारीत उघडी सापडणारी घरं म्हणजे ज्यांना तोडीला जावं लागत नाही ती घरं. जूनच्या सरासरीत तोडीला जाणारी घरं होती, जानेवारीच्या सरासरीत ती कुलपांमागं राहिली होती. आलेख वर जाणार नाही तर काय होईल? त्या वाढीतली शेळ्यांची किती आणि कुलपांची किती, हे वेगळं करायला मला पुढं बरीच रात्र-रात्र बसावं लागलं आणि शेवटी जो आकडा उरला तो कुणालाच फारसा आवडला नाही.

मावशींचं घर उघडं होतं. ते उघडं का होतं, हे फॉर्म मिटल्यावर, चहा पिताना कळलं.

त्यांच्या दोन शेळ्यांच्या तीन वर्षांत अकरा झाल्या होत्या, मधली विक्री सोडून. म्हणजे सप्टेंबरात आम्ही गेलो असतो तर फोटो त्यांचाही निघाला असता. नवऱ्यानं दर वर्षीसारखी उचल घेतली. धाकटी यंदा दहावीला. थोरलीच्या वेळी काय झालं ते मावशींनी अगदी सपाट आवाजात सांगितलं: मागं कुणाकडं ठेवायची, म्हणून तिला बरोबर नेली, तोडीवरच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, भाकरी थापायला, शाळा सुटली ती सुटली, पुढच्या वर्षी लग्न लावून दिलं. ‘हिला न्यायची न्हाई आन् ठिवायची बी न्हाई,’ असं त्यांनी ठरवलं. मग सगळी शेरडं काढली. बोकड आणि भाकड व्यापाऱ्याला. दोन गाभण होत्या त्या कापायला द्यायच्या नाहीत म्हणून गटातल्याच एकीला कमी भावात दिल्या. पैसे घेऊन मुकादमाकडं गेल्या तर तो म्हणाला, मला पैसे नकोत, माणसं पाहिजेत, माझी टोळी मोडते. मुकादमाचंही खोटं नव्हतं, त्यानं कारखान्याला कोयते कबूल केले होते. दुसऱ्या दिवशी गटातल्या सात-आठ जणी त्याच्या दारात जाऊन बसल्या. भांडल्या नाहीत, नुसत्या बसल्या, दुपारपर्यंत. त्यानं वरती काही हजार जास्त लावले, ते गटाच्या बचतीतून उसने घेतले, आणि हिशोब मिटला. नवरा? ‘दोन म्हैनं बोलत न्हवता. आता बोलतोय.’ तो सेंट्रिंगच्या कामाला तालुक्याला जातो, रोज काम मिळतंच असं नाही. हे वर्ष ओढाताणीचं आहे, गटाचे उसने अजून फिटायचे आहेत, थोरलीचं काय ते कुणी बोलत नाही. चहा करून आणला तो धाकटीनं. बीजगणिताचं पुस्तक तिनं चहाच्या ट्रेसारखं धरलं होतं, कप त्यावरच.

‘पुन्हा दोन मिळतील का?’ मावशींनी विचारलं. मिळणार नव्हत्या. लाभ एकदाच.

शेळीला जमीन लागत नाही, म्हणून ती बाईला देता येते, हे या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी आहे. जमीन द्यायची गोष्ट निघाली की सगळे घड्याळ बघतात. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या वहितीधारकांमध्ये बायका १३.८७ टक्के, शंभरात चौदासुद्धा नाहीत. आपल्याकडं चांदवडला १९८६ साली शरद जोशींच्या शेतकरी महिला अधिवेशनाला लाखांनी बायका आल्या, पुढं ‘लक्ष्मी मुक्ती’त गावंच्या गावं बायकोच्या नावे जमीन करायला निघाली, सातबाऱ्यावर पत्नीचं नाव लावण्याचं सरकारी परिपत्रकही १९९२ मध्ये निघालं. याच मराठवाड्यात, किल्लारीच्या भूकंपानंतर उभ्या राहिलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’च्या कामातून बायका घरच्या रानातला एक एकर मागून घेतात आणि त्यात आपल्या मनाची पिकं लावतात. एक एकर मागताना नवऱ्याला काय काय ऐकवावं लागलं, हे अशा बायकांकडून ऐकण्यासारखं असतं. शेळी मागताना काहीच ऐकवावं लागत नाही, आणि तिच्या सोयीस्करपणाचं तेच गुपित आहे.

अहवालाची बैठक ऑनलाइन झाली. पैसे देणाऱ्यांच्या बाजूला तिघं, सगळे सभ्य, सगळ्यांनी वाचलेलं. पहिला प्रश्न आला तो असा, की शून्यावर आलेल्या बायकांचं प्रमाण पुढच्या टप्प्यात कमी कसं करता येईल? विक्रीवर काही बंधन घालता येईल का, निदान पहिली दोन वर्षं? मी मावशींची हकिकत सांगितली. ती त्यांना आवडली, फार आवडली, एकानं तिचा व्हिडिओ करता येईल का असं विचारलं. पण एक हकिकत म्हणजे पुरावा नव्हे, हेही त्यांनी सांगितलं, आणि त्यात त्यांचं चुकलं नाही. मी म्हटलं, पुरावा नाही कारण फॉर्म शून्याला गप्प बसवतो; शून्याला बोलू द्या, मग मोजू. शून्यावरच्या सगळ्याच मावशींसारख्या असतील असं मी मुळीच म्हणत नव्हते. काहींच्या शेळ्या रोगानं मेल्या, एकीच्या नवऱ्यानं दारूत घालवल्या, दोघींना शेळ्यांचा मुळातच कंटाळा होता आणि त्यांनी शेळ्या विकून शिलाई मशीन घेतलं. हे चार वेगळे शेवट तक्त्यात एकाच अंकात बसले होते, एवढंच माझं म्हणणं होतं. बंधनाचा विषय मागं पडला, आणि मला तेवढ्यावर समाधान मानावं लागलं. माझं प्रकरण परिशिष्टात गेलं.

पुढच्या टप्प्याच्या फॉर्ममध्ये एक रकाना मात्र वाढला: ‘शेळ्या का विकल्या?’ आधी त्याला घरखर्च, आजारपण, शिक्षण, इतर असे चार पर्याय ठरले. चाचणीत निम्म्याहून जास्त उत्तरं ‘इतर’मध्ये जाऊन बसली. मग मी पर्याय काढून टाकायला लावले. मराठीत टाइप करायला मुलींना वेळ लागतो, म्हणून बाईच्या परवानगीनं उत्तर टॅबवर ध्वनिमुद्रित करायचं ठरलं, तीस सेकंदांचं. ती मुद्रणं आता येऊ लागली आहेत. मागं मिक्सर, कोंबडे, कुणाचं तरी रडतं पोर. पंचविशीतली असावी अशा आवाजाची एक बाई प्रश्न ऐकून आधी खळखळून हसते. ‘का इकली म्हंजे? शेरडं काय वरातीत नाचवायला ठिवायची असत्यात?’ मग गंभीर होऊन हिशोब सांगायला लागते: पोत गहाण होती ती सोडवली, पोराचे बूट, नणंदेला दोन हजार ते काही परत यायचे नाहीत, बोअरच्या मोटारीला, आणि उरले त्यातले… इथं मुद्रण तुटतं. तीस सेकंदांत कुणाचाच हिशोब पुरा होत नाही. मी नव्वद मागितले आहेत. सर्व्हरचा खर्च वाढतो म्हणून ते साठ म्हणतायत.